दोनशे त्रेचाळीस की तीनशे आठ

झिंज, बहरीन
४ फेब्रुवारी २०२५

जिकरा बाय,

दादीचा सलाम घे आणि कपाळावर एक पापा घे. तुझं पत्र खालच्या मजल्यावरच्या तेजस्वीने ऑफिसातून मोठ्या अक्षरांत छापून आणून दिलं. मी हे कागदावर लिहिते, ती फोटो काढून तुला पाठवील. फोनवरच बोलले असते, पण फोन लावला की तुझी आई आतिका बाजूला उभी राहून "जेवली का विचारा, स्वेटर घातला का विचारा" असं चालू करते, आणि मला तुझ्याशी बंदुकीचं बोलायचंय.

मला इतका आनंद झाला गो, की काल भाकरी थापता थापता मी एकटीच हसत होते. आतिका म्हणाली, अम्मा, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पीठ चांगलं आहे. आता तिला काय सांगू, की झाडांवर एवढं शिकलेली नात चौथी पास म्हातारीला विचारते, दादी, कुठली रायफल घेऊ?

तू लिहिलंस ते मला नीट समजलंय का बघ. तिकडे न्यूझीलंडला हरणं मूळची नाहीत. गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेने आणून सोडली, आणि आता ती इतकी झाली की जंगलात एक रोपटं वर येऊ देत नाहीत. तू रोपट्यांमधली हुशार म्हणून तुला घेतलं. पण जंगलातलं पक्कं काम हवं तर नुसती रोपं मोजून भागत नाही, हरीण मारता यायला पाहिजे. आठ मार्चला परीक्षा. पास झालीस तर कायमची राहिलीस. नाहीतर जूनअखेर कॉन्ट्रॅक्ट खलास, व्हिसा खलास, आणि तू इकडे. इकडे नईम भागातल्या त्या इन्शुरन्स ऑफिसात तुझ्या अब्बाने विनीतसाहेबांना सांगून तुझ्यासाठी जागा धरूनच ठेवलीय. मला म्हणतो, अम्मा, पोरगी जंगलात बंदूक घेऊन फिरणार, हे लोकांना सांगू कसं? मी म्हटलं, अन्सार, तू सांगू नको, मी सांगते. खालच्या दुकानात सांगून पण आले.

आता बंदूक. संस्थेच्या कपाटात दोन जातीच्या आहेत, एक दोनशे त्रेचाळीस आणि एक तीनशे आठ. ज्याने त्याने एक निवडून आपल्या नावावर लिहून घ्यायची. तुझी ती मुकादम ग्लेनिसबाई म्हणते, दोन्हीने हरीण मरतं, तुझं तू ठरव. शहाणी बाई दिसते.

तुला ठाऊक आहे, माझे बाबा आमच्या दापोलीकडच्या रानात शिकार करायचे. तेव्हा मनाई नव्हती, परवाना होता. मी दहा वर्षांची, परकराच्या ओच्यात काडतुसं घेऊन मागे. हाका घालणारे डबे वाजवत खालून यायचे आणि भेकर असं उडी मारून वर यायचं. बाबांची बारा नंबरची होती. ती उडाली की बाबासुद्धा अर्धं पाऊल मागे यायचे. हारूनची, म्हणजे माझ्या भावाची, सोळा नंबरची. ती मी पण उडवलीय एकदा. आईला कळलं तेव्हा तिने मला मारलं नाही, हारूनला मारलं. तो अजून बोलून दाखवतो. पुढे कायदा आला, बाबांनी बंदूक जमा केली, आणि महिनाभर तिच्या खुंटीवर कुणाला टोपी टांगू दिली नाही.

हां, तर मी काय सांगत होते. तू तीनशे आठ घे. डोळे मिटून घे. दोनशे त्रेचाळीसला हातसुद्धा लावू नको. दादीचा अनुभव आहे.

सुरमई इथे परवा चांगली मिळाली. तुझी आठवण आली, पण खाल्ली.

तुझी
दादी

*

ते आनाऊ, न्यूझीलंड
२ मार्च २०२५

प्रिय दादी,

रमजान मुबारक. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. सातवीपर्यंत तू मला गावी ठेवून मराठी शाळेत घातलंस, म्हणून आज तुझं अक्षर लागतं. नाहीतर माझी चुलत भावंडं बघ, तुझ्या पत्राला अंगठा पाठवतात.

तू म्हणालीस तशी तीनशे आठ घेतली. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं, नंबर लिहिला. आमच्या बॅचमध्ये चौघे आहोत, तिघे मुलगे. त्या तिघांनीही तीच घेतली. मी पण तीच म्हटल्यावर ग्लेनिसने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. ती फार बोलत नाही. साठीची आहे, चाळीस वर्षं याच डोंगरात काढलीत.

सराव चालू आहे. सगळं ठीक आहे. सोबतच्या फोटोत भुवईवर पट्टी दिसेल, ती फांदी लागली म्हणून. हातसुद्धा कधी कधी आवाजाच्या आधीच थोडा हलतो, पण ते सवयीने जाईल म्हणतात. परीक्षा पुढच्या शनिवारी. कागदावर दहा गोळ्या, त्यातल्या आठ वर्तुळात हव्या. ते जमलं तर ग्लेनिसबरोबर एक दिवस जंगलात.

अम्मीला सांग, मी स्वेटर घालते. दुआ कर.

तुझी
जिकरा

*

झिंज
९ मार्च २०२५

जिकरा,

तुझी परीक्षा काल झाली. तू फोन केला नाहीस. मी पण केला नाही, कारण मला तोंड नाही.

नीट वाच. काल इफ्तारच्या आधी आपले घरमालक अबू जासिम नेहमीसारखं गहू-मटणाच्या हरीसचं भांडं घेऊन आले. आतिका त्यांना सांदणं देते, ते हरीस देतात, भांडी कुणाची कुठे गेली ते अल्लालाच ठाऊक. मी त्यांना खुर्ची दिली. मला ठाऊक होतं की ते तरुणपणी आफ्रिकेला शिकारीला जायचे. म्हटलं, थोडी बढाई मारून घ्यावी.

मी म्हटलं, "अबू जासिम, मेरी पोती भी हरन मारेगी. सरकारी परीक्षा है."

म्हणाले, "माशाल्ला. कौनसा रायफल?"

"तीनसौ आठ. छोटावाला, हल्का. मैंने बोला उसको."

त्यांनी हरीसचं भांडं खाली ठेवलं. "छोटा किसने बोला, अम्मा? बच्ची कितनी बड़ी है?"

मी हाताने दाखवलं, एवढी. मनगट दाखवलं, एवढं.

"ला, ला, अम्मा," म्हणत त्यांनी नाही म्हणून मान हलवली, आणि ताटातले दोन खजूर उचलले, एक जाड, एक बारीक. छऱ्याच्या बंदुकीत नंबर जेवढा मोठा तेवढी नळी बारीक. म्हणून बारापेक्षा सोळा हलकी. पण रायफलीत नंबर म्हणजे गोळीची जाडी. तीनशे आठ म्हणजे हा जाड खजूर. दोनशे त्रेचाळीस म्हणजे हा बारीक. जाड गोळी, जास्त दारू, जास्त धक्का.

जिकरा, मी उलटं सांगितलं. सोळा नंबर माझ्या खांद्याला चालली, म्हणून मी मनात धरलं की मोठा नंबर हलका. रायफल मी जन्मात हातात धरली नाही. आमच्या रानात रायफल कुणाकडे होती? आणि मी 'डोळे मिटून घे' म्हणून लिहून मोकळी झाले.

मग मी तेजस्वीला बोलावलं आणि तुझा फोटो मोठा करून बघितला. ती फांदी नाही. अबू जासिमना दाखवला. ते म्हणाले, रायफलीवरच्या दुर्बिणीची कडा अशीच लागते, चंद्रकोरीसारखी, धक्क्याने मागे येऊन. आणि तू लिहिलंस ना, हात आवाजाच्या आधी हलतो, तर ते मला कुणी सांगायला नको. त्याला आमच्याकडे बंदुकीला भिणं म्हणतात. हारूनला झालं होतं.

काय झालं ते खरं लिही. फांदीबिंदी सांगू नको.

दादी

*

ते आनाऊ
१५ मार्च २०२५

दादी,

नापास झाले. दहापैकी तीन.

भुवईला तीन टाके आहेत. दुसऱ्याच दिवशी लागलं. त्यानंतर चापावर बोट ठेवलं की डोळा आपोआप मिटतो आणि नळी खाली जाते. ग्लेनिस म्हणाली, "तू निशाण्याला मारत नाहीयेस, तू आवाज संपायची वाट बघतेयस."

आता मी पण एक कबूल करते. तू उलटं सांगितलंस हे मला तेव्हाच ठाऊक होतं. इथे कुणीही सांगतं, तीनशे आठचा धक्का जास्त. पण तुझं पत्र वाचून मला वाटलं, दादी शिकारीत वाढलेली, ती म्हणते मोठी घे, म्हणजे तिला वाटतं मला पेलेल. आणि त्या तीन मुलांसमोर लहान रायफल मागायची मला लाज वाटत होती. तुझ्या पत्राने मला निमित्त मिळालं. तेव्हा सगळा दोष स्वतःवर घेऊ नको.

बारा एप्रिलला पुन्हा परीक्षा आहे, शेवटची. रायफल बदलली तर चालेल म्हणते ग्लेनिस. पण दादी, भीती आता माझ्यात आहे, रायफल बदलून काय होणार? कधी वाटतं, अब्बांना हो म्हणून टाकावं. नईमच्या ऑफिसात बसेन, संध्याकाळी तुझ्याजवळ असेन. शुक्रवारी झल्लाकला समुद्रावर जाऊ, तू पाण्यात पाय घालून बसशील आणि सगळ्यांना नावं ठेवशील. ते काय वाईट आहे?

एक विचारू? रागावू नको. तू मुद्दाम तर चुकली नाहीस ना, मी परत यावं म्हणून?

जिकरा

*

झिंज
१७ मार्च २०२५

जिकरा बाय,

रागावले नाही. पण दोन दिवस मी स्वतःलाच विचारत होते. भाजी निवडताना विचारलं, नमाजच्या चटईवर बसून विचारलं. तू इकडे यावीस असं मला वाटत नाही काय? रोज वाटतं. सहा वर्षं मी या फ्लॅटमध्ये आहे, सगळे चांगले वागतात, पण माझ्या गोष्टी ऐकून हसणारी तू एकटी होतीस. म्हणून नीट शोधलं मनात. नाही सापडलं. मी चुकले ते शहाणपणा मिरवायच्या नादात चुकले, त्यात दुसरं काही नव्हतं.

आणि म्हणूनच आता सांगते, तू परत यायचं नाहीस. पास होऊन सुट्टीला ये, मी पापलेट करते. भिऊन आलीस तर दार आतिका उघडेल, मी उठणार नाही. झल्लाकचा समुद्र मी तुझ्याशिवायसुद्धा बघू शकते, तेजस्वी नेते मला गाडीतून. तुझ्या आजोबांनी मला गावाबाहेरची नोकरी करू दिली नव्हती. बालवाडीतली होती, मंडणगडला. कपडेसुद्धा भरले होते मी. ते बाहेर काढून पुन्हा पेटीत ठेवताना काय वाटतं ते मला ठाऊक आहे, तुला कळायची गरज नाही.

आता कामाचं.

एक. उद्या जाऊन दोनशे त्रेचाळीस नावावर लिहून घे. ते तीन मुलगे हसले तर हसू दे, त्यांच्या भुवया अजून शाबूत असतील तर असू दे.

दुसरं, हारूनची भीती कशी गेली ते सांगते. बाबा त्याला गोळी भरू द्यायचे नाहीत. बंदूक माझ्याकडे द्यायचे. मी मागे वळून कधी खरं काडतूस भरायची, कधी उडून गेलेलं रिकामं, आणि त्याला द्यायची. त्याला कळायचं नाही यातलं कुठलं आहे. रिकामं असलं की चाप ओढल्यावर आवाज नाही, धक्का नाही, आणि नळी मात्र फुकट खाली गेलेली सगळ्यांना दिसायची. पहिल्या दिवशी मी हसले म्हणून त्याने मला चिमटा काढला. पण चार दिवसांनी नळी खाली जायची बंद झाली. मग बाबा खरीच जास्त भरायला सांगायचे, आणि त्याला ते कळेचना. ग्लेनिसबाईला सांग, माझ्या दादीचा निरोप आहे, तू भर, मला दाखवू नको. तिला रिकामी काडतुसं पुष्कळ मिळतील.

तिसरं अबू जासिमचं. मी त्यांना सगळं सांगितलं, टाके पण. ते रोज विचारतात, "शू अखबार बच्ची?" म्हणजे पोरीची काय खबर. ते म्हणतात, बारीक गोळीने मोठं हरीण मरतं, पण तिला खोटं चालत नाही. जवळ जायचं, ते आडवं उभं राहायची वाट बघायची, पुढच्या पायाच्या थोडं मागे बरगडीत मारायचं. समोरून नाही, पळताना नाही, लांबून नाही. एवढं जमत नसेल तर चाप ओढायचा नाही. जाड गोळीवाला थोडा चुकला तरी निभतं म्हणून तो आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी अरबीत सांगितलं आणि त्यांच्या ड्रायव्हरने हिंदीत, तेव्हा थोडं इकडे तिकडे झालं असेल. यावेळी मी तेजस्वीला कॉम्प्युटरवर पण बघायला लावलं. बरोबर आहे म्हणाली.

आणि चापावर बोट ठेवताना बिस्मिल्ला म्हण. ते तू म्हणशीलच.

अब्बाला मी अजून काही बोलले नाही. तो विचारतो, "परीक्षेचं काय झालं?" मी सांगते, "अर्धी झाली."

यल्ला, कामाला लाग.

दादी

*

ते आनाऊ
१४ एप्रिल २०२५

दादी,

ईदला फोनवर अब्बा आणि अम्मी बाजूला होते म्हणून काही बोलता आलं नाही. आता सगळं सांगते.

रजिस्टरमध्ये तीनशे आठ खोडून दोनशे त्रेचाळीस लिहिताना एक मुलगा हसलाच. मी म्हटलं, माझ्या दादीचा हुकूम आहे. ग्लेनिसला तुझी रिकाम्या काडतुसांची गोष्ट सांगितली. तिलाही ही युक्ती माहीत होती, पण ती शिकवणारी दादी बहरीनला राहते याचं तिला फार नवल वाटलं. रोज सकाळी चाळीस वेळा. ती पाठ वळवून भरायची आणि माझ्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी रिकाम्या काडतुसावर माझी नळी एवढी खाली गेली की मला रडू आलं. ती म्हणाली, "पुन्हा." एवढंच म्हणते ती. दहाव्या दिवशी नळी हलली नाही.

शनिवारी कागदावर दहापैकी नऊ. मग आम्ही दोघी जंगलात.

सकाळी दहाच्या सुमाराला एक नर दिसला, मोठ्या शिंगांचा. पलीकडच्या उतारावर, दोनशे मीटरच्या वर, आणि तोंड आमच्याकडे. मी आडवी पडले, दुर्बिणीत घेतला. इतका स्पष्ट दिसत होता की त्याचे कान हलताना दिसत होते. तीनशे आठवाल्यांपैकी कुणीही मारला असता. मी थांबले. तो वळेल म्हणून खूप वेळ थांबले. वळला नाही, सरळ चढून निघून गेला. मी बोट काढलं. ग्लेनिस उठून चालायला लागली. मला वाटलं, संपलं. पुढचे तीन तास आम्ही चालत राहिलो. मी मनात विनीतसाहेबांना पाठवायचा मेल लिहीत होते.

दुपारी ओढ्याच्या काठी एक मादी दिसली. वारा आमच्याकडे येत होता. मी कोपरांवर सरकत गेले, दगडामागे पोचले तेव्हा सत्तर पावलं उरली होती. ती आडवी उभी राहून रोपं खात होती. बिस्मिल्ला म्हटलं. आवाज झाला तो मला नंतर आठवला, त्या क्षणी ऐकूच आला नाही. ती दोन पावलं गेली आणि बसली, जशी दमून बसावी तशी. बस.

आनंद झाला असं नाही म्हणता येणार. ग्लेनिसने ते साफ करायला मला शिकवलं. पोट उघडलं तेव्हा आत चघळलेली कोवळी पानं होती, आणि दादी, ती पानं मी ओळखली. गेलं वर्षभर मी जी रोपं मोजतेय आणि दर महिन्याला कमी होतात, तीच. मी तिथेच वही काढून त्यांची नावं लिहिली. ग्लेनिस बघत राहिली.

गाडीपाशी येऊन तिने फॉर्म बॉनेटवर ठेवला आणि सही केली. म्हणाली, "मी सही सकाळीच ठरवली होती. जी सोडू शकते तिला मी एकटीला पाठवू शकते."

पक्की नोकरी, दादी. एक जुलैपासून.

अब्बांना तू सांग. माझी हिंमत होत नाही. हरणासमोर झाली, त्यांच्यासमोर होत नाही.

तुझी
जिकरा

*

झिंज
१७ एप्रिल २०२५

माझ्या बाय,

तेजस्वी जिन्यातूनच "दादी, दादी" करत वर आली. मी तिला ओट्याजवळ उभं करून वाचायला लावलं, मग मी स्वतः वाचलं, मग अबू जासिमना खाली जाऊन सांगितलं. ते म्हणाले, नर सोडला? मी म्हटलं, सोडला. म्हणाले, मैं नहीं छोड़ता था. आणि मान खाली घालून मिशीत हसत बसले.

आता अब्बाचं. कालचा दिवस मी गप्प राहिले. आज शुक्रवार नाही, पण त्याला सुट्टी होती. जेवण झाल्यावर मी म्हटलं, अन्सार, बस, तुझ्या पोरीचं पत्र वाचते. तो म्हणाला, व्हॉट्सॲपवर पाठव, वाचीन. मी म्हटलं, नाही, मी वाचणार आणि तू ऐकणार. आतिका दारात उभी.

मी सगळं वाचलं, पहिल्या पत्रापासून. माझी चूक पण वाचली, टाके पण वाचले. टाक्यांपाशी आतिका रडली. अन्सार टेबलावरचा तांदळाचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे ढकलत होता. नर निघून गेला तिथे तो दाणा थांबला. शेवटपर्यंत वाचून मी चष्मा काढला आणि म्हटलं, विनीतसाहेबांना फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर.

त्याने लावला. स्पीकरवर नव्हता, पण मी जवळ सरकले. म्हणाला, "विनीत, जिकराच्या जागेचं सांगायचं होतं. ती नाही येणार. दुसऱ्या कुणाला घ्या. तिकडेच पर्मनंट झाली." पलीकडून विचारलं असेल, कसलं काम. अन्सारने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, रिसर्च. तो म्हणाला, "जंगलाचं. हरणांची शिकार करावी लागते." मग पलीकडचं थोडं ऐकलं, आणि उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"नाही नाही," म्हणत होता, "मोठी नाही घेतली तिने. दोनशे त्रेचाळीस. लहान असते, पण जवळ जावं लागतं. लांबून मारणारे खूप असतात, विनीत. ही सत्तर पावलांवर गेली होती."

अर्धा तास बोलत होता. मी भांडी आवरून घेतली.

दादी